सुळ्याची शेजारीण

मामांनी आयुष्यात बैलांचे किती जबडे उघडले असतील याची मोजदाद नाही. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी कुणाला खोंड घ्यायचं झालं की आजही मामांना सोबत नेतात. डाव्या हाताने जनावराचं नाक धरायचं, उजव्या अंगठ्याने खालचा ओठ दाबायचा आणि क्षणात सांगायचं : आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला. माझी थोरली बहीण बारामतीत दातांची डॉक्टर आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे दोघं ओसरीवर समोरासमोर बसले होते आणि मध्ये तोंड उघडून उभी होती माझी तेरा वर्षांची लेक.

तिचा उजवीकडचा वरचा सुळा हिरडीत उंचावरून बाहेर डोकावतो आहे. डावा अजून त्याहून वर आहे. पुण्यातल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी सांगितलं होतं, तारा लावायच्या आधी चार उपदाढा काढाव्या लागतील. ही बातमी मामांच्या कानावर गेली आणि त्यांनी ताईला निरोप धाडला की आधी मला भेट, मग काय ते कर.

"किडल्यात का?" मामांनी सुरुवात केली.

"नाहीत."

"हलत्यात?"

"नाही मामा, खणखणीत आहेत."

"मग काढायच्या कशापायी? आडवा आलाय सुळा आन् घर पाडायचं शेजाऱ्याचं? बांध कोरला एकानं आन् सातबारा रद्द दुसऱ्याचा, आसं झालं हे."

"आडवा नाही आलेला, उशिरा आलाय," ताई म्हणाली. "वरचा सुळा घडायला लागतो तो पार वर, डोळ्याच्या खोबणीखाली, नाकपुडीच्या बाजूला. मूल चार-पाच महिन्यांचं असतं तेव्हा त्याचं टोक धरायला सुरुवात होते. मूल सहा-सात वर्षांचं होईतो नुसता माथा तयार होतो आणि मग तो खाली निघतो. एवढी लांबची वाट पुढच्या कुठल्याच दाताला नाही. तो अकराव्या-बाराव्या वर्षी वेशीशी पोचतो, तेव्हा पटाशीचे दात सातव्या-आठव्या वर्षीच येऊन बसलेले असतात. मागची पहिली उपदाढही बहुतेक त्याच्या आधी आलेली असते. दोघांच्या मध्ये जागा उरली तर तो रांगेत बसतो, नाही तर हिच्यासारखा बाहेरून चढतो. शंभरात एखाद-दुसऱ्याचा तर हाडातच अडकून राहतो."

"उपदाढ म्हंजी कंची?"

ताईने बोट ठेवून दाखवलं. सुळ्याच्या मागचे दोन दात, मग खऱ्या दाढा.

"त्या बी दाढाच की."

हा शब्द मामांना ठाऊक नव्हता आणि त्यात नवल नाही. उपदाढ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. घरात, शेतात, बाजारात माणसं पुढचे दात, सुळे आणि दाढा एवढंच म्हणतात. माणसाच्या तोंडात सुळे चार आणि उपदाढा आठ. दुप्पट संख्या असूनही त्यांना बोलीत स्वतःचं नाव मिळालं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. सुळ्याचं तसं नाही. सूळ, सुळा, सुळका हे सगळे एका घरातले शब्द वाटतात. टोकदार, उभं, एकटं असं काही दिसलं की मराठी माणसाला तोच आवाज आठवतो. आपण तर हत्तीच्या दातांनाही सुळेच म्हणतो. ते खरं तर वाढलेले पटाशीचे दात असतात. रानडुकराचे मात्र खरोखरचे सुळे.

ताई सांगत होती, "आठ पटाशीचे, चार सुळे, आठ उपदाढा, बारा दाढा, असे बत्तीस. दुधाचे दात वीस, आणि त्यात उपदाढ एकही नसते. लहान मुलाच्या दुधाच्या दाढा पडतात, त्यांच्या जागी येतात त्या उपदाढा. मोठ्या दाढा त्यांच्या मागे, कुणाचीही जागा न घेता, नव्या जमिनीवर उगवतात."

मामा विचारात पडले. तेवढ्यात ताईनेच डाव टाकला.

"मामा, बैलाचे पुढचे दात किती मोजता?"

"खाली आठ. वर न्हाईतच, वर नुसती कठीन हिरडी."

"कडेचा शेवटचा जोड आला की काय म्हणता?"

"जुळला."

"तो शेवटचा जोड म्हणजे सुळे आहेत. बैलाच्या वाडवडिलांचे खालचे सुळे गवत तोडता तोडता पुढे सरकले, चपटे झाले आणि पटाशीच्या दातांच्या रांगेत जाऊन बसले. तुम्ही आयुष्यभर ज्या दातावरून बैल जुळला म्हणालात, तो सुळा होता."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले, उभ्या असलेल्या पांढऱ्या बैलाचा ओठ दाबून पाहिला आणि परत येऊन बसले. त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं. साठ वर्षांच्या हाताला ओळखीचा असलेला दात त्यांनी नव्याने पाहिला होता.

"म्हंजी सुळ्यानं सुळेपन सोडलं की त्यो रांगेत बसतो," ते सावकाश म्हणाले. "मग हिच्या सुळ्याला बी बसवा की रांगेत. शेजारीन कशाला मारता?"

"कारण माणसाच्या सुळ्यानं सुळेपण अजून सोडलेलं नाही." ताईने फोनवरचा एक्सरे उघडला. "हे मूळ बघा. वरचा सुळा टोकापासून मुळापर्यंत साधारण २७ मिलिमीटर असतो. त्यातले दहा बाहेर दिसतात आणि सतरा हाडात. सगळ्या दातांत लांब मूळ याचं. दावणीचा खुंटा जसा, जितका वर त्याहून जास्त जमिनीत. गालाच्या आत बोट फिरवा, सुळ्यावर हाडाचा उभा उंचवटा लागतो. ओठाचा कोपरा त्या उंचवट्यावर पेललेला असतो. सुळा गेला तर चेहऱ्याचा कोपराच खचतो. म्हणून आम्ही सुळा सहसा काढत नाही."

"आन् शेजारनीला मूळ न्हाई व्हय?"

"आहे. वरच्या पहिल्या उपदाढेला तर बहुतेक वेळा दोन मुळं असतात, एक गालाकडे आणि एक टाळूकडे."

"मग एका खुंट्याला ठेवता आन् दोन खुंट्यांच्याला काढता?"

ताई हसली नाही. तिने तो प्रश्न खरोखरीचा मानला, आणि मला वाटतं संवाद तिथेच खऱ्या अर्थाने सुरू झाला.

मामांचं कुलदैवत नीरा-नरसिंहपूरचं. नीरा जिथे भीमेला मिळते, पुणे जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, तिथलं. ते म्हणाले, "नरसिंहाच्या तोंडात बघ. काय दिसतं? सुळे. ताकद सुळ्यातच आसती ह्ये मला बी मान्य हाय."

"दिसतात सुळे," ताई म्हणाली, "पण सिंह सुळ्यानं मांस कापत नाही मामा. सुळ्यानं तो धरतो. कापायला तो मान वाकडी करून मागच्या दाताखाली मांस घेतो. त्या दोन दातांची कात्री असते, खालची पहिली दाढ आणि वरची शेवटची उपदाढ. सिंहाचं खरं पातं उपदाढ आहे. आणि जागा मोजली तर ती म्हणजे आपली दुसरी उपदाढ. दूध पाजणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या पूर्वजांना जबड्याच्या प्रत्येक बाजूला चार उपदाढा होत्या. आपल्या वंशातल्या पुढच्या दोन फार जुन्या काळी गेल्या. म्हणून जुने सांगाडे तपासणारे शास्त्रज्ञ आपल्या पहिल्या उपदाढेला तिसरी म्हणतात आणि दुसरीला चौथी."

"म्हंजी चारातल्या दोन आधीच गेल्यात. आता तिसरी तुम्ही काढनार."

या वाक्याला ताईकडे लगेच उत्तर नव्हतं. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात वजनदार वाक्य ते होतं.

ताई त्याच वाटेने पुढे गेली, पण आता तिचा सूर वेगळा लागला होता. ज्या दाताला काढायला ती निघाली होती त्याच दाताचं ती वर्णन करत होती, आणि प्रेमाने करत होती. मोठ्या वानरांचा वरचा सुळा लांब आणि धारदार असतो. ती धार त्याला कुठून मिळते? खालच्या पहिल्या उपदाढेच्या तिरप्या अंगावर तो प्रत्येक वेळी तोंड मिटताना घासला जातो. ती उपदाढ म्हणजे त्याचा धार लावायचा दगड. माणसाच्या वंशात सुळा आखूड झाला, बोथट झाला आणि दगडाचं काम संपलं. तरी खूण उरली आहे. आपली खालची पहिली उपदाढ अजूनही सुळ्यासारखीच दिसते : बाहेरचं टोक उंच आणि तिरपं, आतलं टोक एवढंसं, की ते वरच्या कुठल्या दाताला टेकतही नाही. तिच्या मागची दुसरी मात्र दाढेकडे झुकलेली, पुष्कळदा आत दोन टोकं असलेली, म्हणजे एकूण तीन. वरच्या दोघींत पहिली जास्त टोकदार, तिच्या सुळ्याकडच्या अंगाला एक खोलगट पन्हळ असते आणि ब्रशला तिथे पोचणं अवघड जातं. दुसरी गोलसर, दोन्ही टोकं जवळजवळ सारख्या उंचीची.

"सुळा एका टोकाचा, दाढ चार-पाच टोकांची," ताई म्हणाली. "उपदाढ त्यांच्या मधली. फाडणं संपतं आणि दळणं सुरू होतं, तो उंबरठा."

लेक इतका वेळ ऐकत होती. तिने एकदम विचारलं, "मग मी ऊस कुठल्या दाताने सोलते?"

आमच्या भागात हा प्रश्न पोरकट नाही. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात ऊस उभा राहिला. इथल्या प्रत्येक मुलाने तोंडाच्या कोपऱ्याने पेर सोललं आहे. बाहेर रस्त्याने भवानीनगरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मामांनी नातवाला पाठवून एक कांडं आणवलं. लेकीने साल तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरली, मनगट खाली ओढलं, साल लांबच लांब निघाली. ताईने तिला तसंच थांबवून आत पाहिलं. साल सुळ्यात नव्हती. सुळा उंचावर, खालच्या दाताला न मिळणारा. साल पहिल्या उपदाढेच्या वरच्या आणि खालच्या टोकांत धरलेली होती.

"बघ," मामा एवढंच म्हणाले.

ताईने मान्य केलं, पण मागे हटली नाही. "आत्ता ती सुळ्याचं काम करते, कारण सुळा कामावर आलेला नाही. रांगेत आलेला सुळा काय करतो ते सांगते. जबडा बाजूला सरकवून चावलं की वरचा सुळा खालच्यावरून घसरतो आणि मागचे सगळे दात एकमेकांपासून सुटे होतात. मागच्या दातांवर आडवा भार येत नाही. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डी'अमिको नावाच्या दंतवैद्यानं हे मोठ्या हिरिरीनं मांडलं : सुळा हा मुकादम, आडवा भार त्यानं घ्यायचा. दुसरी बाजू म्हणते, तसं नाही, सुळा, उपदाढा, दाढा सगळ्यांनी मिळून भार वाटून घेतला तरी तोंड निरोगी राहतं."

"सावड," मामा म्हणाले.

"हो. सावड."

"आमच्या आईच्या तोंडात सावड व्हती. सगळे दात एका पातळीत, फरशीवानी. सुळ्याचं टोक कुठं दिसायचंच न्हाई. जात्यावरचं पीठ, त्यात दगडाची कच. पर कुनाचा सुळा आसा चढल्याला मला आठवत न्हाई."

ताई म्हणाली, जागेसाठी दात काढावेत की नाही यावर मोठमोठे दंतवैद्य भांडले आहेत. अमेरिकेत एडवर्ड अँगल म्हणत, निसर्गाने बत्तीस दिलेत, बत्तीसही बसलेच पाहिजेत. १९११ मध्ये कॅल्विन केस यांनी त्यांच्या पंथाला जाहीर विरोध केला. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांना दिसलं की बत्तीस कोंबून बसवलेले दात परत वाकडे होतात. त्यांनी आपल्याच जुन्या रुग्णांच्या चार पहिल्या उपदाढा काढून नव्याने उपचार केले. ऑस्ट्रेलियात रेमंड बेग यांनी तिथल्या मूळ रहिवाशांचे झिजलेले दात पाहिले. भरड अन्नाने दातांची फक्त टोकं झिजत नाहीत, एकमेकांना टेकणाऱ्या कडाही झिजतात. प्रत्येक दात थोडा अरुंद होतो, रांग पुढे सरकते आणि जागा आपोआप होते. १९५४ मध्ये त्यांनी हे मांडलं.

"मग त्यो माझ्याच बाजूचा."

"नाही ना. ते म्हणाले, आता अन्न मऊ झालं, झीज होत नाही, म्हणून जागा करायला उपदाढ काढा."

मामांना हे फार लागलं. एकच पुरावा, आणि दोन माणसं त्यातून उलट्या वाटांनी निघतात.

मग जुन्या दातांचाच विषय पुढे नेत ताईने इनामगाव काढलं. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि ते पाणी उजनीच्या फुगवट्यातून आमच्या इंदापूरला येतं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० पर्यंत तिथे शेतकरी राहत होते. बार्ली पिकवत, पाट्यावर धान्य रगडत, पाण्यासाठी त्यांनी बांध घालून चर काढला होता. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. त्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन ल्युकाक्स यांनी केला. सुळ्याच्या ओठाकडच्या अंगावर कधी कधी एक छोटा खळगा सापडतो, एनॅमल पातळ राहिलेला. दुधाच्या सुळ्याचा माथा गर्भातल्या पाचव्या महिन्याच्या सुमारास धरतो आणि बाळ नऊ महिन्यांचं होईतो पुरा होतो. एनॅमल एकदा घडलं की शरीर ते पुन्हा भरत नाही. त्या दिवसांत बाळाची किंवा आईची आबाळ झाली तर तिची खूण तिथे राहू शकते.

मामांनी हातातलं कांडं फिरवून धरलं. "ह्ये बघ. हितं पेरं लांब. हितं दोन पेरं आखूड. म्हंजी ह्या टायमाला पानी तुटलं व्हतं, पाळी चुकली. पुन्हा पानी आलं, पुन्हा लांब. पर आखूड त्ये आखूडच ऱ्हातं."

ताईने ते कांडं त्यांच्या हातातून घेतलं आणि त्या दोन पेरांवरून अंगठा फिरवला. तीन हजार वर्षांपूर्वी घराच्या जमिनीखाली निजवलेलं एक बाळ त्या क्षणी ओसरीवर आमच्यात होतं, असं मला वाटलं. मी बाजूला बसलेल्या लेकीचा हात धरला.

"आता मापाचं बोल," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता.

ताईने पिशवीतून लेकीच्या दातांचे प्लास्टरचे साचे काढले. वर सहा मिलिमीटर जागा कमी, खाली चार. वरची पहिली उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद. दोन काढल्या तर चौदा मिळणार, म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त. उरलेली जागा पुढचे दात मागे ओढून मिटवावी लागेल आणि त्याने ओठ आत जातात. लेकीचे ओठ मुळातच भरलेले नाहीत. दहा मिलिमीटर कमी असते तर ताई वाद घालत बसली नसती. चारच्या आत असते तर काढायचा विषयच निघाला नसता. सहा हा मधला आकडा आहे आणि मधल्या आकड्याला चेहरा, ओठ, हाड, चावा सगळं बघून ठरवावं लागतं.

"दुसरी वाट हाय का न्हाई?"

"आहे. जबडा थोडा रुंदावता येतो, अजून वय आहे. आणि दातांच्या मधल्या कडा केसभर घासता येतात, प्रत्येक फटीत अर्धा मिलिमीटरपर्यंत. अशा आठ-दहा फटी मिळून तीन-चार मिलिमीटर सुटतात." ताई क्षणभर थांबली. "म्हणजे जात्याच्या कचीनं तुमच्या आईच्या तोंडात जे चाळीस वर्षांत केलं, ते आम्ही मापून करायचं. एनॅमल परत येत नाही, म्हणून जपून. आणि दात पुन्हा सरकण्याची भीती या वाटेत जास्त, ते मी लपवणार नाही."

"आन् काढलं तर भीती न्हाई?"

"तरी आहे. थोडी कमी."

मामांनी लेकीला जवळ बोलावलं. बैलाला पाहतात तसा ओठ दाबला नाही. तिनेच तोंड उघडलं तेव्हा वाकून पाहिलं. "आक्का," ते ताईला म्हणाले, "तुला डाक्टर मी केलं न्हाई, तू झालीस. काढायचंच ठरलं तर मी आडवा येनार न्हाई. पर आधी ती दुसरी वाट चालून बघ. शेजारनीला एक साल दे."

ताईने पुण्याच्या डॉक्टरांशी पुन्हा बोलायचं कबूल केलं. साचे ती परत घेऊन जाणार होती, नव्याने माप घ्यायला. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी लिहितो : मला मामांचं पटलं, आणि ताईने सहाचा आकडा उघड सांगितला म्हणूनच पटलं.

मामांच्या तोंडात आता तीनच दात आहेत. तंबाखूने आणि हिरड्यांच्या दुखण्याने बाकीचे नेले. खालचे दोन सुळे उभे आहेत, कारण शेवटपर्यंत टिकणारे बहुधा तेच असतात. आणि डाव्या सुळ्याला टेकून मागे एक पिवळी, झिजलेली उपदाढ. लेकीने विळीवर उसाचे बारीक करवे केले आणि ताटलीत घालून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एक उचलला, जिभेने डावीकडे सारला, आणि त्या दोन दातांवर दाबला.